रजेचा शेवटचा दिवस

मा. श्री. अमित शाह,
केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
यांस,

माझा धाकटा भाऊ तुमच्या अखत्यारीतल्या एका केंद्रीय दलात शिपाई आहे आणि आज तो जिवंत आहे. तीन वर्षांपूर्वीच्या एका रात्री तो जिवंत राहील याची खात्री नव्हती. त्याला विचारून, त्याच्या परवानगीने मी हे लिहिते आहे. दलाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे त्याला अजून नोकरी करायची आहे.

आम्ही महाड तालुक्यातले. आमच्या तालुक्यात एका आंबवड्याला लोक फौजी आंबवडेच म्हणतात, इतकी तिथली माणसं पिढ्यानपिढ्या सैन्यात गेली. आमच्या गावात तर सीआरपीएफ असो, बीएसएफ असो की सीआयएसएफ, आजूबाजूचे लोक एवढंच म्हणतात, ‘पोरगा मिलिटरीत आहे.’ सैन्य संरक्षण खात्याचं आणि ही दलं गृहखात्याची, हा फरक आम्हाला फार उशिरा कळला. तो असा कळला की जमिनीच्या कामासाठी भाऊ एका कार्यालयात गेला, तेव्हा त्याला सांगितलं गेलं, ‘ही सोय सैन्यातल्यांसाठी आहे, तुम्ही निमलष्करी.’

लग्न होऊन मी कळंबोलीला आले, तेव्हापासून त्याच्या प्रत्येक रजेचा शेवटचा दिवस माझ्या घरी जातो. गोवा हायवेने एसटी येते, रात्री माझ्याकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी पनवेल स्टेशनवर मंगला एक्स्प्रेस. आईने बांधून दिलेलं कुळथाचं पीठ, जवळ्याची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं माझ्या ओट्यावर उघडायचं आणि नीट परत बांधायचं, हे माझं काम. अकरा वर्षं असंच चाललं होतं. पनवेलच्या फलाटावर काळी ट्रंक आणि हिरवी पिशवी घेऊन उभी असलेली अशी पोरं दर आठवड्याला दिसतात. घरचे सोडायला आलेले असतात, कुणी मोबाइलवर फोटो काढतं, आणि गाडी हलली की सगळे एकदम गप्प होतात.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या जूनमध्ये तो पंचवीस दिवसांच्या रजेवर आला होता. पंचवीस दिवसांत त्याने काय केलं ते सांगते. आठ दिवस तलाठी आणि तहसील, कारण वडील गेल्यावर चुलत्यांनी सातबाऱ्यावर भलतीच नोंद करून घेतली होती. चार दिवस आईच्या मोतीबिंदूत गेले. बायको माहेरी निघून गेली होती, तिच्या घरी तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही वेळा तो एकटा परतला. मुलीच्या शाळेची फी, सोसायटीचं कर्ज, बांधावरची मारामारी मिटवण्यासाठी पोलीस पाटलाकडे बैठक. एकही काम तडीला गेलं नाही. रजा मात्र संपली.

शेवटच्या रात्री तो माझ्याकडे जेवला नाही. हातातलं घड्याळ काढून माझ्या मुलाला दिलं. मुलगा म्हणाला, ‘मामा, मग ड्युटीवर काय घालशील?’ तो म्हणाला, ‘राहू दे तुला.’ मला वाटलं, भाच्यावरची माया. दुसऱ्या दिवशी फलाटावर तो गाडीच्या दारात उभा होता आणि मी त्याला म्हटलं, ‘मन घट्ट कर. बायकांसारखं तोंड करून काय बसलास!’ हे माझे शब्द मी रोज ऐकते, साहेब. त्याच्यासारख्या पोरांच्या घरच्यांनी ते बोलू नयेत, म्हणून ते इथे लिहिले.

दलात परतल्यावर तिसऱ्या रात्री ड्युटीची अदलाबदल होत असताना त्याच्या सेक्शनच्या हवालदारांनी त्याच्याकडे पाहिलं. मराठवाड्यातले आहेत ते, निवृत्तीला आलेले. त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि आडवळण न घेता विचारलं, ‘जीव नकोसा झालाय का रे? मरायचे विचार येतात का?’ भाऊ सांगतो, त्याक्षणी त्याला पहिल्यांदा रडू फुटलं. हवालदारांनी त्याची ड्युटी दुसऱ्याला दिली, सकाळपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले आणि उजाडल्यावर स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी केलं ते इतकंच.

लोकांना वाटतं, असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल. तसं होत नाही. या विषयावर काम करणारे सगळे डॉक्टर हेच सांगतात की सरळ, शांतपणे विचारल्याने माणूस मोकळा होतो. आपण त्याच्यावर नवीन काही लादत नाही, तो एकट्याने जे वाहतोय त्याला फक्त हात लावतो.

तो बरा झाल्यावर मी हा विषय वाचायला लागले. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये मिळून ६५४ जणांनी आत्महत्येत जीव गमावला. त्यात सीआरपीएफचे २३०, बीएसएफचे १७४, सीआयएसएफचे ९१. डिसेंबर २०२४ मध्ये तुमच्याच खात्याने राज्यसभेत पाच वर्षांचा आकडा सांगितला, ७३०. सैन्यदलांचं चित्रही वेगळं नाही. जुलै २०२२ मध्ये संरक्षण खात्याने आधीच्या पाच वर्षांसाठी ८१९ ही संख्या दिली होती, त्यातले ६४२ भूदलातले. हे आकडे मी जमवले ते कुणाला दोष द्यायला नाही. मला जाणून घ्यायचं होतं की माझा भाऊ एकटाच असा कच्चा आहे का.

आणि मग मला ती एक ओळ सापडली. या मृत्यूंची कारणं शोधायला तुमच्या खात्याने २०२१ मध्ये एक कार्यदल नेमलं. त्यांना आढळलं की ८० टक्क्यांहून जास्त घटना जवान रजेवरून परतल्यानंतरच्या आहेत. जोडीदाराचा किंवा घरच्या कुणाचा मृत्यू, नवरा-बायकोतले ताण, पैशाची ओढाताण, मुलांच्या शिक्षणाची काळजी, अशी कारणंही त्यांनी नोंदवली. वाचताना मला माझा ओटा, ती बांधलेली शिदोरी आणि न शिवलेलं ताट आठवलं. मी अकरा वर्षं ज्या दिवसाला ‘निरोपाचा दिवस’ म्हणत होते, तो त्याच्या सगळ्या वर्षातला सर्वांत अवघड दिवस होता.

बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. रजेवर गेलेला माणूस ताजातवाना होऊन परत यायला हवा. पण आमच्याकडचा जवान रजेवर येतो तो विश्रांतीसाठी येत नाही. वर्षभराची भाऊबंदकी, दवाखाना, कर्ज, पोरांची शाळा, तुटत आलेला संसार, सगळं त्याच्या येण्याची वाट पाहत दारात उभं असतं. पंचवीस दिवसांत त्याने ते मिटवायचं. मिटत नाही. मग ते अर्धवट सोडून तो दोन हजार किलोमीटर लांब जातो. तिथे फोनला रेंज नाही, आणि रेंज आली तर आई रडते. शिवाय ‘मिलिटरीतला माणूस’ म्हणून गावात त्याची छाती ताठच असायला हवी. त्याने कुणापाशी वाकायचं?

आत्महत्येला कधीच एक कारण नसतं, हे मला आता कळतं. जमीन, बायको, ड्युटी, झोप, आजार, दारू, वरिष्ठाचा एखादा शब्द, मनाचा उपचार न झालेला आजार, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. पण वेळ कोणती धोक्याची, हे जर आपल्याला आधीच ठाऊक असेल, तर त्या वेळी तिथे माणूस उभा करता येतो. तेच मला तुमच्याकडून हवं आहे.

आधी पुढे काय झालं ते सांगते, कारण माझी मुख्य मागणी त्यातच आहे.

भावावर उपचार झाले. औषधं, समुपदेशन, पाच-सहा महिन्यांत तो सावरला. आज तो झोपतो, हसतो, बायको परत आली आहे, जमिनीची केस अजून चालू आहे. पण त्या काळात त्याची वैद्यकीय श्रेणी घसरली. आपल्या दलांमध्ये जवानाची तब्येत ‘शेप’ या पाच अक्षरांत मोजतात. एस, एच, ए, पी, ई. मन, कान, हातपाय, शरीराची क्षमता, डोळे. पाचही ठिकाणी एक हा आकडा असला तर माणूस ‘शेप-वन’, आणि बढती हवी तर शेप-वन असावं लागतं. पहिलं अक्षर मनाचं. त्यापुढे एकऐवजी दुसरा आकडा बसला, की बॅरेकमध्ये सगळ्यांना कळतं. त्याच्या बॅचचे हेड कॉन्स्टेबल झाले, त्याचं नाव यादीत आलं नाही. कुणीतरी त्याला ‘मेंटल’ अशी हाक मारली आणि ती हाक चिकटली.

तो मला एकदा फोनवर म्हणाला, ‘ताई, मी खरं सांगितलं ना, त्याची शिक्षा भोगतोय.’

साहेब, या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. कारण आता त्याच्या कंपनीतली दुसरी पोरं त्याला गुपचूप विचारतात. ‘तुला तसं झालं होतं ना? मला झोप येत नाही, सांगू का डॉक्टरला?’ आणि माझ्या भावाला काय उत्तर द्यावं कळत नाही. ‘सांग’ म्हणावं तर त्याच्या बढतीचं काय, आणि ‘सांगू नको’ म्हणावं तर त्याच्या जिवाचं काय. एका साध्या शिपायाने असला प्रश्न सोडवायचा?

शस्त्र हातात असणाऱ्या माणसाचं मन ठीक आहे की नाही हे दलाला माहीत हवं, याला माझा विरोध नाही. भाऊ स्वतः म्हणतो, त्या रात्री हवालदारांनी ड्युटी काढून घेतली ते बरोबरच होतं. पण ड्युटीत तात्पुरता बदल करणं वेगळं आणि बढती अडवणं वेगळं. जो स्वतःहून मदत मागायला आला, उपचार घेतले आणि सावरला, त्याच्या उपचारांचा काळ त्याच्या बढतीच्या हिशेबात धरू नये. ज्येष्ठता अबाधित राहावी. डॉक्टरला सांगितलेलं कंपनीच्या क्लार्कपर्यंत पोहोचू नये. पाय मोडलेल्या जवानाला कुणी हिणवत नाही, त्याला आंबट-गोड गोळ्या नेऊन देतात. मन मोडलेल्याला तीच वागणूक मिळेल असा नियम तुम्ही करू शकता, तुमच्या एका आदेशाने.

हे कुठेच जमलं नाही असं नाही. अमेरिकेच्या हवाई दलाने १९९६ मध्ये अशी मोहीम हाती घेतली. तिथल्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांनी स्वतः बोलायला सुरुवात केली, मदत मागणं हे ताकदीचं लक्षण आहे असं सांगितलं, आणि चौकशीला सामोऱ्या जाणाऱ्या जवानाने समुपदेशकाला सांगितलेलं गुप्त राहील याची सोय केली. पुढच्या वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने घटलं.

आपल्याकडेही घडतंय, आणि ते घडतंय माझ्या घराच्या आसपास, म्हणून मला त्याचा अभिमान आहे. नवी मुंबईत सीआयएसएफ कुठे नाही! न्हावा-शेवा बंदर, उरणचा ओएनजीसीचा प्रकल्प, नवं विमानतळ. त्याच सीआयएसएफमध्ये २०२३ साली २५ जवान आत्महत्येने गेले होते, २०२४ मध्ये ही संख्या १५ वर आली. लाखामागे ९.८७, म्हणजे देशाच्या सर्वसाधारण प्रमाणापेक्षाही कमी. त्यांनी एम्सच्या मदतीने कारणांचा अभ्यास केला, ‘प्रोजेक्ट मन’ नावाने चोवीस तास फोनवर समुपदेशन सुरू केलं, बदल्यांच्या धोरणात जवानाची पसंती विचारायला सुरुवात केली. पंधरा हा आकडाही पंधरा घरांचा आहे. पण एका वर्षात दहा घरं वाचली, तर बाकीच्या दलांत ते का होऊ नये? तळोज्याला, माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर, सीआरपीएफच्या रॅपिड ॲक्शन फोर्सची १०२ वी बटालियन आहे. गणपतीत, ईदला, निवडणुकीत हीच पोरं आमच्या रस्त्यांवर उभी असतात, म्हणून आम्ही निर्धास्त सण करतो. त्यांच्या स्वतःच्या घरचे सण मात्र फोनवर होतात.

रजेबद्दल तुमचीच एक घोषणा आठवते. प्रत्येक जवानाला वर्षातले शंभर दिवस कुटुंबासोबत मिळावेत. ती ऐकून आमच्या घरी आई देवापुढे साखर ठेवून आली होती. तुमच्या खात्याने राज्यसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२३ मध्ये ८,६३६ जणांना ते शंभर दिवस मिळाले आणि २०२४ मध्ये ऑक्टोबरपर्यंत ६,३०२ जणांना. दलांची एकूण संख्या दहा लाखांच्या आसपास. मनुष्यबळ कमी पडतं, निवडणुका येतात, तुकड्या हलतात, हे मला समजतं. पण घोषणा मनापासूनची होती असं मी मानते, म्हणून विचारते, की ती शेवटच्या शिपायापर्यंत कधी पोहोचेल?

आणि परत आल्यावरचा आठवडा. माझी विनंती साधी आहे. रजेवरून आलेल्या प्रत्येक जवानाशी पहिल्या दोन दिवसांत त्याच्या ओळखीच्या, त्याची भाषा बोलणाऱ्या माणसाने अर्धा तास बसून बोलावं. घरी काय झालं, काय राहिलं, कुणाला फोन करायचा आहे. पहिले काही दिवस शस्त्राशिवायची ड्युटी द्यावी, सरसकट सगळ्यांना, म्हणजे कुणा एकाकडे बोट जाणार नाही. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये एवढंच केलं की आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना जवानांनी शस्त्र छावणीत ठेवून जावं, आणि त्यांच्याकडचं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी खाली आलं. अवघड क्षण आणि माणूस यांच्यामध्ये थोडंसं अंतर पडलं, की तो क्षण बहुतेकदा निघून जातो. माझ्या भावाचा गेला.

घरी राहिलेल्या कामाचंही बघा. बटालियनमधून जिल्हाधिकाऱ्यांना गेलेल्या पत्राला ठरावीक दिवसांत उत्तर मिळालंच पाहिजे, अशी व्यवस्था झाली तर तहसीलच्या पायऱ्यांवर घालवलेले ते आठ दिवस त्याला मुलीबरोबर घालवता येतील.

एक गोष्ट तुमच्या खात्याची नाही, पण तुम्ही मंत्रिमंडळात ती बोलू शकता. सामान्य नागरिकाने आत्महत्येचा प्रयत्न केला तर तो तीव्र ताणाखाली होता असं मानून त्याला शिक्षा न करता मदत करावी, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुनं ३०९ कलमही राहिलं नाही. पण १९५० च्या लष्करी कायद्यात, कलम ६४ मध्ये, तो अजूनही गुन्हा आहे. त्याच देशाचा, त्याच घरातला दुसरा भाऊ भूदलात असेल तर त्याच्यासाठी दुःख हा गुन्हा ठरतो. ही तफावत दूर व्हावी. पुण्याच्या एएफएमसीमध्ये १ डिसेंबर २०२३ ला सैन्यदलांसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास कक्ष सुरू झाला, तेव्हा वाट कुठली हे सरकारलाही कळलेलं आहे.

हे पत्र तुमच्याआधी कदाचित एखाद्या जवानाच्या घरी वाचलं जाईल. त्यांच्यासाठी दोन ओळी. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जवानाने करावा, त्याच्या बायकोने करावा, माझ्यासारख्या बहिणीने करावा. तुमचा माणूस जेवत नसेल, झोपत नसेल, जपलेल्या वस्तू वाटत असेल, ‘माझ्यामागे असं करा’ म्हणत असेल, तर त्याला एकट्याला गाडीत बसवू नका. विचारा. उत्तर ऐकताना घाबरायला झालं तरी उठू नका, आणि त्याच्या युनिटमधल्या ज्या माणसावर त्याचा विश्वास आहे त्याला फोन करा.

ते हवालदार गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांना कसलं पदक मिळालं नाही, अशा रात्रींसाठी मिळतही नाही. भाऊ सांगतो, त्यांच्या निरोपाच्या दिवशी सैनिक संमेलनात युनिटच्या साहेबांनी त्यांच्या चोख ड्युटीचं कौतुक केलं, त्या रात्रीचं नाव कुणी काढलं नाही, आणि हवालदारांनीही काढू दिलं नाही. पोराची इज्जत राहावी म्हणून.

पुढच्या महिन्यात भावाची रजा संपते आहे. नेहमीसारखा तो शेवटच्या रात्री माझ्याकडे येईल, मी शिदोरी उघडून पुन्हा बांधीन. माझा मुलगा आता दहावीत आहे. ते घड्याळ त्याने कधी हातात घातलं नाही, कपाटात ठेवलंय. या वेळी ते मामाला परत द्यायचं त्याने ठरवलंय, आणि जेवण झाल्यावर मला भावाशी बोलायचं आहे.

आपली विश्वासू,
एका जवानाची बहीण
कळंबोली, नवी मुंबई